एक काना कमी

नागपूर जिल्ह्यात माझ्याइतका तल्लख गुप्तहेर दुसरा नाही. असलाच तर तो इतका गुप्त आहे, की मोजणीत धरता येत नाही. नाव स्वानंद. घर नागपूरलगत बेसा गावात, मुक्काम हिंगणा रोडवरच्या होस्टेलात, खोली नंबर बारा. चपलेवरून मी माणसाचा स्वभाव सांगतो. एकदा तर चपलेवरून मालकच सांगितला होता. (आत नाव लिहिलेलं होतं, पण वाचायलाही अक्कल लागते.) आई शाळेत मराठी शिकवते. आमच्या घरी 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं तर त्या दिवशी पोळीवर तूप मिळत नसे. त्यामुळे माझं शुद्धलेखन असं तयार झालंय, की गुन्हेगाराची एक वेलांटी चुकली तरी तो माझ्या हातून सुटत नाही.

हिवाळी सुट्टीचा माझा आराखडा ऑगस्टपासून तयार होता. चार दिवस पचमढी, जितेंद्रच्या गाडीवर, मी आणि तो. उरलेले अकरा दिवस पचमढीचा थकवा.

जितेंद्र माझा रूममेट, कुहीकडच्या एका खेड्यातला. माझे निष्कर्ष शेवटपर्यंत ऐकून घेणारा अख्ख्या कॉलेजात तो एकटाच. आणि दहा डिसेंबरला तो बूट काढता काढता म्हणाला, "मले नाही जमत गा पचमढी."

"का?"

"असंच."

दोन वर्षांत त्याने मला कधी 'असंच' म्हटलं नव्हतं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. रुसून बसणं गुप्तहेराला शोभत नाही, म्हणून मी तपास सुरू केला.

मदतीला प्रेमानंद होता. तो खोलीतला तिसरा. त्याचा सुट्टीचा बेत झोपायचा होता आणि त्याने तो आधीच अमलात आणला होता.

पहिला पुरावा सापडला जितेंद्रच्या पलंगाखाली. बर्डीच्या बाजारातून आणलेल्या पिशवीत रबरी हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा आणि तीन मोठे रुमाल.

"बँक लुटणार आहे," मी म्हणालो.

"कोण, जितू?" प्रेमानंद पांघरुणातून बोलला. "व्हायवात सरासमोर त्याले स्वतःचं नाव नाही आठवत बे. बँकेत काय सांगन?"

मुद्दा बिनतोड होता. मी दुसरा सिद्धान्त मांडला: तो लॅबमधलं ॲसिड चोरतोय. लॅबमध्ये ॲसिड दोन वर्षांपासून संपलेलं आहे, हे प्रेमानंदने सांगितलं. मी त्याला झोपायला सांगितलं.

मग मुख्य पुरावा आपणहून समोर आला. जितेंद्र अंघोळीला गेला होता, फोन चार्जिंगला होता आणि स्क्रीन उजळली. दुसऱ्याचा मेसेज वाचणं वाईट. मी वाचला नाही, फक्त त्या दिशेला बघत थांबलो. पाठवणाऱ्याचं नाव होतं 'घर'.

"१९ पासून सातरा. जागा माया नावावर धरली हाय. हातमोजे चष्मा आणजो. बाबाले सांगू नको."

मी प्रेमानंदचं पांघरूण ओढलं. "केस सुटली! माया नावाची मुलगी आहे. दोघं साताऱ्याला चाललेत. तिथून महाबळेश्वर. हॉटेलात जागा मायाच्या नावावर. बापाला पत्ता नाही. पळून जाऊन लग्न!"

"पन नंबर तं 'घर' नावानं सेव आहे."

"म्हणजे प्रकरण घर मांडण्यापर्यंत पोचलंय."

"सातरा लिहिलं आहे, सातारा नाही."

"घाईत काना राहिला. 'मायाच्या'मधला 'च्या'सुद्धा गळलाय बघ. प्रेमात पडलं की आधी व्याकरण जातं."

"अन थंडीचे हातमोजे रबराचे काहून?"

"महाबळेश्वरला दव असतं," मी म्हणालो. हा सूक्ष्म विचार त्याला पेलला नाही. तो परत झोपला.

अठरा तारखेला मेसमध्ये जितेंद्र बॅग घेऊनच जेवायला बसला. हीच वेळ. मी ताट घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात विचारलं, "माया कोण आहे?"

"कोन माया?"

"जिच्याबरोबर तू उद्या साताऱ्याला चाललास!" मी मेसेज शब्दन् शब्द म्हणून दाखवला, काना आणि 'च्या' आपल्या पदरचे घालून. मेसमधले सगळे चमचे थांबले. जितेंद्रचे कान लाल झाले.

"तू माया फोन पायला?" तो इतकंच म्हणाला.

पोळ्या वाढणाऱ्या प्रयागबाई जवळ आल्या. त्याही कुहीच्या. "जितू, दाखव रे मले." त्यांनी फोन लांब धरून मेसेज वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे बुद्धूराम! सातरा म्हंजे मिरचीचा सातरा. लाल मिरच्या वाळवतेत, बाया बसून देठं खुडतेत, ते जागा. अन माया म्हंजे माया. मायी, तुयी, तसं."

'माझ्या'चा हा 'माया' मी होस्टेलात हजार वेळा ऐकला होता. लिहिलेला पहिल्यांदाच पाहत होतो.

"पण लिहिताना काना..."

"लिवलं हाय ते वाच ना गा," प्रयागबाई म्हणाल्या. "तू तं काय लिवाले पायजे होतं, तेच वाचून राहिला."

जितेंद्र ताटाकडे बघत बोलला. "मायच्या डोयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं महिनाभर तिखटाजवळ जायाले मना केलं. तिची जागा रिकामी दिसली तं तिथं दुसरी बाई बसवतेत, मंग आख्खा सीझन गेला. म्हणून सुट्टीभर मी बसतो. बाबाले पटनार नाही, इंजिनेर पोरगा बायाइत बसून देठं खुडन म्हणून."

"मला सांगायचं होतंस."

"मांगच्या सुट्टीत धान कापाले चाललो सांगतलं होतं. तू काय म्हणाला आठवते? 'वा, ॲग्रो टुरिझम!' सारी मेस हासली होती."

आठवत होतं. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो. ताट धरलेला हात दुखायला लागला, पण बसावं कसं ते कळेना. शेवटी जितेंद्रनेच बॅग सरकवून जागा केली.

"मी येऊ?" मी विचारलं.

"कुठं?"

"सातऱ्यावर. दोन माणसं असली तर जागा आणखी पक्की."

"शिंकून शिंकून मरशील."

"मरू दे."

त्याने बॅगेची चेन उघडून आत बघितलं. "चाल. रुमाल तीन आहेत. पन तिथल्या बायाइले त्यांच्या चपलांवरून काही सांगू नको."

मी आईला मेसेज टाकला: "पचमढी रद्द. सुट्टीत जितेंद्रबरोबर सातरा." पाठवण्याआधी दोनदा तपासला. मिनिटाभरात उत्तर आलं: "सातारा! काना विसरलास. महाबळेश्वरला गारठा असेल, स्वेटर ने."

"कोनाचा हाय गा मेसेज?" प्रयागबाईंनी विचारलं.

"माया मायचा," मी म्हणालो.

 त्यांनी आत जाऊन स्वतःच्या डब्यातलं तूप आणलं आणि माझ्या पोळीवर वाढलं.