गोळी घेणाऱ्याचं वय

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी म्हातारे भूलतज्ज्ञ एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून दाराशी उभे होते.

"अहो, झोपेची गोळी घेतलीत की काय?" बायकोने विचारलं.

"रात्री एक. आत्ता अर्धी. व्याख्यान म्हटलं की गोळीशिवाय माझी भीती जात नाही, ठाऊक आहे ना तुला? तरुणपणापासून माझं हेच प्रमाण आहे."

"ते तरुणपणी. आता झेपणार आहे का?"

"मला शिकवू नकोस. जन्मभर लोकांना झोपवलंय मी."

चप्पल बदलायची राहूनच गेली. निवृत्तीनंतर इस्पितळाने त्यांना पहिल्यांदाच बोलावलं होतं, आणि बोलावणारी त्यांचीच विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख झालेली. विषय होता 'वार्धक्य आणि भूल'. पुन्हा एकदा पोरांसमोर उभं राहायचं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती.

टॅक्सीत त्यांना जुनं ऑपरेशन थिएटर आठवत राहिलं. उकळत्या पाण्यातल्या काचेच्या सिरिंजा, ईथरचा गोडसर वास आणि डोळ्यांवर घसरणारी टोपी सावरत पेशंटची नाडी धरून बसलेली ही पोरगी. ती जरा चुळबुळली की ते डाफरायचे, "पेशंट शुद्धीवर येईपर्यंत भूलतज्ज्ञ जागचा हलत नाही." फार सुखाचे दिवस होते ते. ड्रायव्हरने त्यांचा खांदा हलवला तेव्हा कळलं, टॅक्सी केव्हाच पोचली होती.

व्यासपीठावर त्यांना मऊ खुर्ची दिली होती. तिथेच घात झाला.

"मित्रहो, म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचं प्रमाण वाढतं. झोपेची औषधं त्या चरबीत मुक्काम ठोकतात. यकृतही पूर्वीसारखं चपळ राहत नाही. म्हणून काल रात्रीची गोळी आज सकाळी..."

इथे ते थांबले. वक्ते रंग भरण्यासाठी थांबलेत असं श्रोत्यांना वाटलं. मग माइकमधून घोरणं ऐकू आलं.

डोळे उघडले तेव्हा हॉल रिकामा होता. विभागप्रमुख शेजारी खुर्ची ओढून त्यांची नाडी धरून बसल्या होत्या.

"माझं व्याख्यान?" त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

"मी पुरं केलं, सर. तुमच्याकडे बोट दाखवून. पोरांची पापणी लवली नाही."

"आणि तू अजून इथेच?"

"पेशंट शुद्धीवर आला नव्हता."

त्यांना भरून आलं. तिने मात्र नाडी सोडली नाही.

"वय काय, सर?"

"चौऱ्याहत्तर."

"आणि गोळी घेताना किती होतं?"

त्यांनी मान खाली घातली. तिथे बायकोची चप्पल दिसली.

"पस्तीस," ते पुटपुटले.