बिनआवाजाची गाडी आणि सासूबाई

माबोंगाला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तीच त्याच्या मुळावर आली. त्याची गाडी आवाज करत नव्हती.

तीन चाकं, मागे हौदा, सीटखाली बॅटरी. बुंगोमा शहराच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याने ती आपल्या हाताने वेल्ड केली होती. पेट्रोल नको, धूर नाही, आणि चाल अशी की मांजरानं लाजावं. "ऐका," म्हणून तो गाडी सुरू करायचा. समोरचा माणूस कान देऊन उभा राहायचा आणि थोड्या वेळाने विचारायचा, "मग, कधी सुरू करताय?" सुरुवातीला माबोंगाला या प्रश्नाचं कौतुक वाटायचं. आता तो ऐकला की नुसता थकवा यायचा.

एका गावाने गाडी परत पाठवली होती, कारण आवाज नाही म्हणजे ताकद नाही, असं तिथल्या म्हाताऱ्यांचं ठाम मत पडलं. दुसरं गाव घेतो घेतो म्हणत बसलं आणि शेवटी त्यांनी गाढवं घेतली. आता उरला होता एकच गट, भाजी पिकवणाऱ्या बायकांचा. त्यांनी गाडी घेतली तर शेड टिकणार. नाही घेतली तर थोरल्या भावाच्या मक्याच्या गिरणीवर पट्टे बदलत बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. ती गिरणी अशी धडधडते की भाऊ आता जेवतानाही ओरडूनच बोलतो.

आणि हा गट माबोंगाच्या सासुरवाडीचा होता. अध्यक्ष, सासूबाई.

आमच्या बुंगोमाकडे जावई आणि सासू एकमेकांच्या तोंडासमोर येत नाहीत. बोलणं नाही, बघणं नाही, एका गाडीत बसणं तर नाहीच नाही. वाटेत गाठ पडायची वेळ आली तर सासू केळीच्या आड होते आणि जावई मान फिरवून पुढे निघतो. चुकून धक्का लागला तर जावयाने बोकड द्यायचा आणि वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून बसायचं. याला कोणी जाच म्हणत नाही, मान राखणं म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माबोंगाने सासूबाईंची फक्त पाठ पाहिली होती, आणि एकदा टाच.

हे सगळं आजवर बिनबोभाट चाललं ते मोटरसायकलीच्या कृपेने. जावई लांब असतानाच फटफट ऐकू येते, सासूला आडोसा बघायला सवड मिळते. ही गोष्ट माबोंगाच्या आधीच ध्यानात यायला हवी होती. पण शहाणपण सगळं वेल्डिंगमध्ये खर्ची पडलेलं, दुसरीकडे उरणार कुठून?

गाडी दाखवायला तो गावात शिरला, बांधाजवळचं वळण घेतलं, आणि समोर पाठ. ओळखीची. डोक्यावर केळ्यांचा घड, शेजारी गटाची खजिनदार सिटावा. सासूबाई अगदी मन लावून बोलत होत्या.

"माझा जावई म्हणशील तर हाताला गुण आहे त्याच्या," त्या म्हणाल्या. "पण डोक्याच्या जागी भोपळा आहे गं. माझ्या लेकीचं, खाकासाचं, कसं व्हायचं?"

माबोंगाने ब्रेक दाबला. ब्रेकचाही आवाज नाही. तोही त्यानेच बसवला होता. हॉर्न वाजवावा तर सासूवर हॉर्न वाजवला असं होणार. खाकरावं तर बोलल्यासारखं होणार. मागे जावं तर रिव्हर्स अजून बसवायचा होता. तो आपला जागच्या जागी बसून राहिला. तेवढ्यात सिटावाने सहज मागे पाहिलं.

"नामाल्वा," ती सासूबाईंना म्हणाली, "भोपळा मागेच उभा आहे."

सासूबाईंनी वळून पाहिलं नाही, तेवढं भान त्यांना होतं. त्या तडक बाजूच्या उसाकडे निघाल्या. उसाच्या अलीकडे पाट होता, त्याचं मात्र भान राहिलं नाही. केळी एकीकडे, सासूबाई एकीकडे.

माबोंगाला उतरून हात देण्याचीही सोय नव्हती. तो एका झाडाकडे बघत बसला आणि पाटातून येणारे शब्द ऐकत राहिला. ते काही त्याला उद्देशून नव्हते, कारण त्याच्याशी बोलायचं नसतं. पण विषय तोच होता.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं की जावयाने सासूला गाडीखाली घातलं. बायकोचा फोन आला.

"अहो, आईला गाडीखाली घातलं म्हणे तुम्ही?"

"पाटात गेल्या. आपण होऊन गेल्या."

"फार लागलं का?"

"मला काय ठाऊक? मी झाडाकडे बघत होतो."

खाकासा मग म्हणाली, "भावजींची गिरणी काही वाईट नाही हो."

गटाची बैठक भरली. बायका अंगणात, माबोंगा त्यांच्यासमोर बाकावर, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या कुडामागे. कुडाला बोटबोट फटी. दोघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, तरी निरोप जायचे ते सिटावाच्या तोंडून.

"त्या माणसाला विचार, बाजाराचा चढ चढेल का?" कुडामागून आवाज आला.

"जावईबापू, चढ चढेल का विचारतायत."

"आईंना सांगा, भरल्या हौद्यानिशी चढेल."

"चढेल म्हणतो. छातीवर हात ठेवून सांगतोय," सिटावा कुडाला म्हणाली. छातीवर हात वगैरे कोणी ठेवला नव्हता.

"त्याला म्हणावं, हात छातीवर नको, हॉर्नवर ठेव. बायामाणसांना पाटात घालत फिरतोस ते."

"आई म्हणतात, गाडी देखणी आहे. जरा आवाज असता तर बरं झालं असतं."

माबोंगाने कळवळून सांगितलं, "आवाज नाही हाच तर तिचा गुण आहे."

"त्याला सांग, तुझा गुण माझ्या कंबरेला चांगला कळलाय."

शेवटी ठरलं असं, की सकाळी च्वेलेच्या बाजाराला गटाचा माल याच गाडीने न्यायचा. चढ चढून माल पोचला तर गाडी घेतली, नाहीतर राम राम. आणि निघण्याआधी आवाजाची सोय झालीच पाहिजे.

सोय बायकांनी तिथल्या तिथे केली. बैलाच्या गळ्यातली घंटा, तेलाचे रिकामे डबे आणि खडे भरलेला एक कॅन, सगळं दोरीने मागे बांधून टाकलं. चाकांची एवढीशी कुरकुर घालवायला माबोंगाने रात्रीचा दिवस केला होता. आता तीच गाडी भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखी वाजायला लागली. माणूस पुरता दमला की वाद घालत नाही.

सकाळी त्याचा चहा होईपर्यंत बायकांनी माल भरून वर ताडपत्री बांधलीसुद्धा. गाडी निघताना जरा कण्हल्यासारखी वाटली.

"माल जास्त तर नाही ना भरला?" त्याने विचारलं.

"यंदा कोबीच जड आहेत, जावईबापू," सिटावा दुसरीकडे बघत म्हणाली आणि भाड्याच्या मोटरसायकलवर बसून पुढे निघून गेली.

सपाटीला ठीक चाललं. चढ लागला आणि बॅटरीचा काटा मान टाकायला लागला.

"चढ गं बाई," माबोंगा गाडीला म्हणाला. "तू नाही चढलीस तर माझी सासू मला या कोबीबरोबर विकून टाकेल. तोंड बघायची चोरी, पण तिचं तोंड काही बंद होत नाही."

निम्म्या चढावर गाडी थांबली. शेवटचा डबा एकदा वाजला आणि गप्प झाला. माबोंगाने चाकाखाली दगड लावला. चार पोती कडेला उतरवून ठेवावीत म्हणून तो मागे गेला, आणि त्याने ताडपत्रीच्या गाठीला हात घातला.

"कोबींनो," आतून आवाज आला, "त्या माणसाला सांगा, हात लावू नकोस."

माबोंगाने चटका बसल्यासारखा हात काढला आणि डोंगराकडे तोंड फिरवलं.

"कोबींनो," तो म्हणाला, "आईंना विचारा, त्या इथे कशा?"

"कोबींनो, त्याला सांगा, गटाच्या पैशाचा प्रश्न आहे. बसून बघितल्याशिवाय मी कुठल्या गाडीला हो म्हणत नाही. मध्ये ताडपत्री आहे, त्याने मला बघितलं नाही, मी त्याला बघितलं नाही."

"मघाशी मी जे काही बोललो..."

"कोबींनी सगळं ऐकलंय."

माबोंगा गाडीकडे पाठ करून दगडावर बसला.

"कोबींनो, आईंना सांगा, मी दमलो. ही गाडी मोडीत घालतो आणि भावाच्या गिरणीवर जातो. म्हणजे सगळेच सुटतील."

"त्याला विचारा, मग ही उठाठेव केलीच कशाला?"

सासूसमोर कुठल्या जावयाने असं बोललं नसतं. पण समोर कोबी होते, आणि कोबींचा कसला मान राखायचा?

"आई डोक्यावर ओझं घेऊन रस्त्याने जायच्या," तो म्हणाला. "मी मागून मोटरसायकलवर. माझी फटफट ऐकली की ओझ्यासकट बाजूला व्हायच्या आणि मी जाईपर्यंत केळीआड उभ्या राहायच्या. थांबून 'चला' म्हणायची सोय नाही, ओझं घ्यायची सोय नाही. तोंड फिरवायचं आणि रिकाम्या गाडीने पुढे जायचं. इतकी वर्षं तसाच गेलो. लाज वाटायची मला. म्हटलं, ओझं न्यायला तरी काहीतरी करावं."

ताडपत्रीखाली कोबी सरकले.

"कोबींनो," शेवटी बसक्या आवाजात निरोप आला, "त्याला सांगा, गाडीवर बस आणि मागे वळून बघू नकोस. मी ढकलते."

"आई, अहो नको..."

"त्याला म्हणावं, कोबींशी बोल."

माबोंगा गाडीवर बसला, कारण पॅडल दाबायला कोणीतरी हवंच होतं. मागून दोन भक्कम हातांचा जोर आला आणि गाडी हलली. त्याबरोबर घंटा, डबे आणि खडे, सगळं एकदम वाजायला लागलं. बिनआवाजाची गाडी असती तर कुत्रंही फिरकलं नसतं. पण हा गोंगाट ऐकून दोन्ही बाजूंच्या शेतांतली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. त्यांनी पाहिलं ते असं: जावई मान ताठ करून गाडीवर बसलेला, आणि सासू घामाघूम होऊन मागून ढकलते आहे. मान ताठ होती ती मागे बघायचं नव्हतं म्हणून, पण हे बांधावरून कसं कळणार?

"अरे मेल्या, निदान बोकड तरी दे तिला," एक म्हातारा काठी उगारून ओरडला.

भाड्याच्या मोटरसायकली भराभर पुढे गेल्या. माबोंगा बाजारात पोचायच्या आधीच तिथे बातमी पोचली होती, की जावयाने सासूला गाडीला जुंपलं.

माल विकला गेला. बैठक तिथेच भरली. सासूबाई कांद्याच्या पोत्यांमागे, माबोंगा अलीकडे. त्याच्या कानात गिरणी आधीच धडधडायला लागली होती.

"त्याला सांग, गाडी चढली नाही. ढकलावी लागली."

"जावईबापू, चढली नाही म्हणतात," सिटावा म्हणाली. या वेळी तिलाही त्यात साखर घालता आली नाही.

"आणि हेही सांग," पोत्यांमागून आवाज आला, "की नवी नवरी होते तेव्हापासून या चढाने बाजाराला येते. डोक्यावर काही न घेता आज पहिल्यांदा आले. ढकलणं परवडलं. गाडी घेतली."

माबोंगाने पोत्यांकडे पाठ केली आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. सिटावा काहीतरी सांगत होती, ते त्याला ऐकूच गेलं नाही. अटी होत्या. बॅटरी मोठी हवी, रिव्हर्स हवा, आणि हौद्यापुढे उलट्या तोंडाचं बाकडं, मध्ये फळी, म्हणजे सासूला मानाने बसता येईल. धक्का लागला नव्हता, तरी गावाचं तोंड बंद करायला बोकडही द्यावाच लागला.

पुढे शेडवर गावोगावची माणसं यायला लागली. माबोंगा उत्साहाने बॅटरी दाखवायचा, मोटर दाखवायचा. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "ते सासूचं बाकडं आहे ना हिच्यात?" तेवढं एक पाहिलं की सौदा पक्का. एवढी विद्या खर्च केली, आणि नाव झालं ते एका फळीने.

नव्या बाकड्यावर सासूबाई पहिल्यांदा बसल्या त्या दिवशी गाडी चढ एका दमात चढली. घंटा आणि डबे वाजत होते, पुढे बघत माबोंगा, मागे बघत सासूबाई. बाजारात त्या उतरल्या, कपडे झटकले आणि सिटावाला जवळ बोलावलं. कौतुकाचा एखादा शब्द येईल म्हणून माबोंगाने कान टवकारले.

"त्या माणसाला सांग," सासूबाई म्हणाल्या, "गाडी बरी आहे. आवाज मात्र फार करते."