अप्पांचा दरबार

अप्पांच्या घरी दिवा लावायचा असेल तर हत्तीच्या पोटाखाली हात घालावा लागतो. स्विचबोर्ड तिथं आहे. त्यावरून अंबारीच्या मिरवणुकीचं विणलेलं वॉल हँगिंग सोडलंय आणि ते सरकवायला अप्पा तयार नाहीत. नवा पाहुणा भिंत चाचपत राहतो आणि अप्पा खुर्चीतून सांगतात, "आनखी खाली. माहुताच्या डावीकडं की."

शुक्रवार पेठेत आमची दारं समोरासमोर. अप्पा एका शाळेत कारकून होते. निवृत्त झाले आणि सोलापुरात विणला जाणारा सगळा इतिहास त्यांनी दोन खोल्यांत टांगला. बाहेर राज्याभिषेक, आत गड, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात घनघोर लढाई. लढाईवर फोडणीचे डाग पडलेत, त्यामुळे ती जास्तच खरी वाटते. खिडकीवरही एक किल्ला आहे. "खिडकीतनं काय दिसतंय? गटार. हितं बुरूज तरी दिसतोय," हे त्यांचं म्हणणं. मे महिन्यात आपण घामानं निथळत असलो तरी पंखा लागत नाही, कारण पंखा लावला की सैन्य हलतं. कुणी मोठ्यानं हसलं की अप्पा बोट वर करतात, "हळू. दरबार भरलाय."

काकूंचा आजार वाढेपर्यंत हे सगळं गमतीचं होतं.

काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. खोकला त्यांना आधीपासूनच. यंदा उंबरा ओलांडतानाही दम लागू लागला. डॉक्टर घरी आले, भिंती बघून थक्क झाले आणि म्हणाले, "हे सगळं धूळ धरतंय. आजच्या आज उतरवा, नाहीतर यांना श्वास मिळायचा नाही." अप्पांनी मान डोलावली आणि काहीही केलं नाही.

गल्ली चिडली. बायको गुदमरतेय आणि हा हत्ती कुरवाळतोय, असं लोक तोंडावर बोलू लागले. मीही त्यांना चांगलं फैलावर घेतलं. अप्पा ऐकून घ्यायचे. "व्हय. मी लई येडा हाय," एवढंच म्हणायचे.

शेवटी काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा कुठं अप्पांनी मला बोलावलं आणि आम्ही दोघांनी सगळं उतरवलं. धूळ एवढी निघाली की आम्हीच खोकत सुटलो. भिंती पुसल्या, खिडकी उघडली. मला फार बरं वाटलं.

काकू घरी आल्या आणि दारातच थांबल्या. भिंती पाहिल्या, पलंगावर आडव्या झाल्या. मग बोलेनात, जेवेनात.

मी समजूत घालायला गेलो, तेव्हा बोलल्या. लग्न झाल्यापासून त्या घरी गोंडे बांधायच्या. कारखान्यातून कापड यायचं, कडेच्या मोकळ्या दोऱ्यांना गाठी मारून गोंडे करायचे आणि माल परत पाठवायचा. एका मांडीवर पोर, दुसरीवर हत्ती.

"समदं माज्या हातनं गेलं," त्या दम खात म्हणाल्या. "लोकांच्या भितीवर लागलं. माज्या घरात एक न्हाय राहिलं. ह्यांना मीच म्हणलं, आता आणा. धूळ काय आज गेली व्हय छातीत? ती तवाच गेली. आता किती ऱ्हायलंय ते मला ठाव हाय. उघड्या भितीकडं बघत न्हाय जायाचं मला."

मी अप्पांकडं वळलो. "मग तुम्ही लोकांचं का ऐकून घेतलंत?"

"आजारी बाईला कुणी हट्टी म्हणाय नको," अप्पा म्हणाले आणि हातोडी शोधू लागले.

त्यांना अडवावं असं मला फार वाटलं. पण मी स्टूल धरलं. आम्ही काय करतोय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. अप्पांचा ठोका खिळ्यावर बसत नव्हता. कसाबसा राज्याभिषेक वर चढला.

"डाव्या अंगाला जरा वर घ्या," पलंगावरून काकू म्हणाल्या. "वाकडं हाय."

अप्पांनी वर घेतलं. तेवढं बोलल्यानंच काकूंना ढास लागली, आणि ती थांबेपर्यंत अप्पा त्या कापडात तोंड खुपसून, स्टुलावर उभ्या उभ्या रडत राहिले.