बादलीखालचं ऊन

पेणच्या नाकाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ड जीवनसत्त्व फारच कमी असल्याचं सांगितलं, तेव्हा बंद नाकाचं कारण सापडलं म्हणून कमळाकर खूश झाले आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, काळजी लागली. कमळाकर कंपनीत कायमची रात्रपाळी करत आणि दिवसा खिडक्या लावून झोपत. ज्या जिल्ह्यात उन्हात खाडीच्या पाण्याचं मीठ बनतं, तिथल्या माणसाच्या अंगात ऊन नसावं, याचं डॉक्टरांना नवल वाटलं. नुसत्या गोळीने सायनस पळत नाही, असं त्यांनी बजावलं; पण हे जीवनसत्त्व कमी असलं की नाकातली सूज हटता हटत नाही, असं बऱ्याच जणांत दिसतं. तेव्हा नाकात फवारा मारा, मिठाच्या पाण्याने नाक धुवा, आठवड्याची गोळी चुकवू नका आणि उघड्या अंगाने ऊन घ्या.

“मग वास येईल?” कमळाकरांनी विचारलं.

“येईल हळूहळू.”

“म्हणजे किती हळू?” विमलबाईंनी विचारलं.

त्यांच्या काळजीला कारण होतं. काही वर्षांपूर्वी नाक बंद झालं, तेव्हा कमळाकरांना मासळी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागली. मग त्यांनी माळ घातली. अष्टमी गावभर त्यांच्या त्यागाचं कौतुक झालं. पुठ्ठा सोडायला फारसं मनोबल लागत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. घरात मासळी बंद झाली. विमलबाईंनीही मान डोलावली आणि दुपारी, नवरा आतल्या खोलीत घोरत असताना, तव्यावर सुके बोंबील भाजायला सुरुवात केली. घोरणं चालू आहे तोवर भीती नव्हती.

बोंबील आणायच्या काशीबाई. त्या पेणहून गाडीने टोपली घेऊन रोह्याला उतरत आणि पूल ओलांडून अष्टमीत येत. विमलबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

“आता नको आणूस गो. नाक उघडतंय त्यांचं.”

“उघडू दे की. नवऱ्याचं नाक हाय, तिजोरी नाय.”

“कळलं तर माझ्या हातचं पाणी घ्यायचे नायत.”

“मग नाय उघडलं म्हणजे बरं?”

“रात्रपाळीवरनं येतात ते डोकं धरून,” विमलबाई म्हणाल्या. “बघवत नाय.” आणि काशीबाई निघता निघता त्यांनी अर्धा किलो बोंबील घेतले, शेवटचे म्हणून.

नाक मात्र शिस्तीत उघडत गेलं. कमळाकर रोज बातमी देत. आधी अगरबत्ती आली, मग फिनेल. एका सकाळी त्यांनी खोबरेल ओळखलं, आणि विमलबाईंनी बोंबलांचा डबा फडताळातून उचलून मागच्या पडवीबाहेर पालथ्या बादलीखाली ठेवला. डब्याचं झाकण सैल होतं, पण एका दिवसाचाच प्रश्न होता. उद्या काशीबाईला परत द्यायचा होता.

त्यातच त्यांना आणखी एक युक्ती सुचली. कमळाकर पुढच्या ओट्यावर उघडे बसत. बाजाराला जाणाऱ्या बायका बघतात, चांगलं दिसत नाय, असं त्या म्हणाल्या. ऊनच मिळालं नाही तर नाकाचा वेग जरा कमी होईल, असा हिशोब होता. कमळाकरांना ते पटलं.

“बरोबर हाय तुझं,” ते म्हणाले आणि टॉवेल घेऊन मागच्या दारी गेले. तिथे बसायला एकच गोष्ट होती.

“अहो, खुर्ची देते.”

“कशाला? बादली हाय की.”

विमलबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या. ऊन चढू लागलं. कमळाकरांची पाठ तापली, बादली तापली, आणि बादलीखालचंही काही तापलं असणार. कमळाकरांनी एक श्वास घेतला आणि ते थांबले. मान डावीकडे वळली, मग उजवीकडे. दुसरा श्वास लांब होता. हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथेच राहिला. विमलबाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. आता माहेरी निघायचं तर कपाटातल्या कुठल्या साड्या घ्यायच्या, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता.

“अहो, आत या. झालं ऊन.”

“थांब. आत्ता कुठं लागतंय.”

त्यांनी बसल्या बसल्या बादलीवर टकटक केलं.

“विमल, या बादलीखाली काय हाय?”

विमलबाईंनी खिडकीतूनच सांगितलं, “कपड्यांचा साबण.”

कमळाकरांनी डोळे मिटून आणखी एक श्वास घेतला, असा की डॉक्टरांनी पाहिला असता तर खुशीने फी परत केली असती.

“चांगला साबण हाय,” ते म्हणाले. “हाच आणत जा.”

काशीबाईंची टोपली पुन्हा अष्टमीत येऊ लागली. कमळाकरांच्या गळ्यातली माळ जिथल्या तिथे आहे. ताटात वरणभातच असतो. पुढच्या तपासणीत त्यांचं ड जीवनसत्त्व इतकं सुधारलं होतं की डॉक्टरांनी उन्हाची वेळ कमी केली तरी चालेल म्हटलं. कमळाकरांनी ते मानलं नाही. बादली आता स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी लागून असते.

आषाढात एकदा सकाळपासून आभाळ इतकं भरलं होतं की घरात दिवा लावावा लागला. विमलबाईंनी तवा चढवला, थोडा तापू दिला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

“अहो, उठा. ऊन आलंय.”

कमळाकर छत्री घेऊन मागच्या दारी जाऊन बसले.