उभी गाडी डिझेल पीत नाही

पुढच्या सीटच्या फटीत लाल लोकरीचा एक धागा.

नानांचा वाचायचा चष्मा. त्याच्यापायी घर पालथं घातलं होतं. सापडला तो हँडब्रेकच्या शेजारी.

शेंगदाण्याची टरफलं. धनी अज्ञात.

समोरचा आरसा असा वळवलेला, की त्यात मागचा रस्ता नाही, ड्रायव्हरचं स्वतःचंच तोंड दिसावं.

रेडिओवर जुन्या गाण्यांचं स्टेशन. आवाज फुल्ल.

हे सगळं चीफने पाहिलं, टरफलं झटकली, आरसा सरळ केला आणि बॉनेट उघडलं. त्याला असल्या फुटकळ गोष्टींत रस नव्हता. त्याला शोधायचं होतं डिझेल!

चीफ हे त्याचं घरातलं नाव. बंद पडलेला मिक्सर त्याने एकदा चालू करून दाखवला होता (प्लग लावून), तेव्हापासूनचं. आणि गाडीचं नाव रणगाडा. अख्खं बिऱ्हाड मावेल अशी ती जुनी एसयूव्ही वयाने पोक्त, आवाजाने त्याहून पोक्त. पूर्वी एकदा टाकी भरली की तो महिनाभर विसरून जायचा. आता चार दिवसांत काटा असा खाली यायचा, जणू लिफ्टने उतरतोय.

शेवटी बायकोने निकाल दिला. तिच्या आतेभावाला अशीच गाडी हवी होती. रविवारी तो बघायला येईल. तोवर ॲव्हरेज सुधारलं तर ठीक, नाहीतर रणगाडा त्याच्या दारात.

 मिशी असती तर तिला पीळ भरला असता अशा थाटात चीफ म्हणाला, "रविवार कशाला? दोन दिवसांत हिची भूक ताळ्यावर आणतो."

आधी एअर फिल्टर निघाला. त्यातल्या मातीत एखादी भाजी पिकली असती. मग टायरमध्ये हवा भरली, ती इतकी भक्तिभावाने, की पहिल्याच गतिरोधकावर आईचं डोकं छताला टेकलं आणि तिने उरलेला प्रवास पायी केला. मग वजन उतरवणं आलं. टपावरचं कॅरियर गेलं, डिकीतला जॅक गेला, स्टेपनी गेली. स्टेपनी न्हाणीघरात ठेवल्यामुळे नाना अंघोळ तिच्यात बसून करू लागले. आणि दुसऱ्याच दिवशी पंपाच्या वाटेवर मागचं चाक बसलं. स्टेपनी घरी, जॅक घरी, चीफ रस्त्यावर. फोन केला तर बायको म्हणाली, थांबावं लागेल, सासरे अजून अंघोळीत आहेत.

गॅरेजवाल्या मिस्त्रीने इंजेक्टर साफ केले, ब्रेक सोडवले, बॉनेटला डॉक्टरसारखा कान लावला आणि आपल्याला तरी यात काही सापडत नाही म्हणून हात वर केले. तेव्हा चीफने कान लावायचं काम स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो इंजिन चालू करून, स्टिअरिंगवर कान ठेवून, डोळे मिटून रोग ऐकत बसायचा. कधी कधी डोळा लागायचा.

शुक्रवारी काटा पहिल्यापेक्षा वेगाने उतरला. म्हणजे आता एकच शक्यता उरली होती. चोर!

शनिवारी तो नेहमीसारखा डबा घेऊन पायी ऑफिसला निघाला, कोपऱ्यावरून माघारी फिरला आणि अंगणातल्या झाडाखाली उभ्या रणगाड्याच्या अगदी मागच्या सीटवर चादर ओढून आडवा झाला. हातात जॅकचा दांडा.

दुपारी दार उघडलं. चीफने दांडा आवळला. आले नाना! त्यांनी किल्ली फिरवली, एसी लावला, चष्मा हँडब्रेकशेजारी ठेवला आणि असे घोरू लागले की इंजिनाला कमीपणा वाटावा. बऱ्याच वेळाने ते उठून गेले. चीफ बाहेर पडणार तोच आई आली. किल्ली फिरली, एसी लागला, रेडिओ लागला. आईने आरसा स्वतःकडे वळवला, विणकाम मांडीवर घेतलं आणि रेडिओतल्या बाईच्या वर एक सूर चढवून गायला लागली. घरात तिने तोंड उघडलं की नाना खिडक्या लावून घेतात.

तिच्यानंतर बायको. किल्ली, एसी, शेंगदाणे, फोन. बहिणीला ती सांगत होती, की नवऱ्याला डिझेलचं वेड लागलंय. आणि गाडी गेली की आपण निवांत बोलायचं तरी कुठे.

एव्हाना तीन पाळ्यांच्या एसीत चीफचा बर्फ झाला होता. त्याला शिंक आली. बायको दचकून हॉर्नवर आदळली, आणि हॉर्नने आई आणि नाना दोघांनाही अंगणात आणलं.

"तुम्ही सगळे गाडी चालू ठेवून बसता?" चादरीसकट बाहेर येत चीफने विचारलं.

"चालू कुठे? जागची हललीसुद्धा नाही," नाना म्हणाले.

"नाना, उभी गाडीपण डिझेल पिते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आई सावकाश म्हणाली, "अरे, पण तूच म्हणाला होतास. फाटकापाशी गाडी तशीच चालू ठेवून जेवायला बसला होतास तेव्हा. 'उभी गाडी डिझेल पीत नाही, नुसतं हुंगते.' आम्ही आपलं चीफचं ऐकलं."

चीफने दांडा पाठीमागे लपवला.

"आणि अहो," बायकोने विचारलं, "रोज सकाळी तुम्ही आत बसून काय करता?"

"निदान."

"इंजिन बंद ठेवून?"

यावर चीफला पुन्हा शिंक आली. ही मात्र खोटी होती.

रविवारी आतेभाऊ आला. त्याने गाडीला चक्कर मारली, आत बसला, पाय पसरले, आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो खुशीत. कधी नेऊ, म्हणाला. नाना झाडाकडे बघू लागले. आईने विणकामातला एक टाका उसवला.

"राहू दे रे," बायको म्हणाली. "आमची माणसं बसणार कुठे?"

हल्ली किल्ली घरात खिळ्याला असते आणि काचा खाली असतात. झाडाखाली वारा बरा येतो. दुपारी नाना, मग आई, मग बायको. चीफचा नंबर संध्याकाळी लागतो; तो कान स्टिअरिंगवर ठेवतो, बंद इंजिन ऐकतो आणि झोपतो.

रणगाडा घेतला त्या वर्षी, तेवढ्याच पैशांत, घरामागे आणखी एक खोली बांधायचं ठरलं होतं.