बसाण्णांची चिन्नव्वा

आमच्या शेजारचे बसाण्णा पालीला शिकरण भरवायचे. भरवायचे म्हणजे अगदी समोर पाटावर बसून, चमचा हातात धरून. पाल काचेच्या पेटीत, बसाण्णा पाटावर आणि मी दाराबाहेर. मला पालीची भयंकर भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. शाळेत साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई मी, पण भिंतीवर पाल दिसली की थेट खुर्चीवर चढते.

"साखर कमी पडली असंल," बसाण्णा चमचा हुंगून म्हणायचे. "रीतसर पायजे ओ बाई. मुक्या जिवाला चव कळती."

'रीतसर' हा त्यांचा लाडका शब्द. शाहूपुरीत त्यांचं काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान. राजारामपुरीत आमचे फ्लॅट समोरासमोर. कुणाच्या घरी भिंतीवरचा फोटो केसभर तिरका दिसला, तर हा माणूस तो सरळ केल्याशिवाय पाण्याच्या पेल्याला हात लावायचा नाही. मूळचे गडहिंग्लजचे, त्यामुळे बोलता बोलता कानडी डोकवायची. गळ्यात लिंग, घर कडक शाकाहारी. कोल्हापुरात तीस वर्षं काढून रश्श्याच्या वाटीला न शिवलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पालीचं प्रकरण सुरू झालं ते कॅनडात. त्यांची एकुलती एक मुलगी गिरिजा तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीला. काकू, म्हणजे तिची आई, होत्या तोवर दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, मायलेकी तासभर बोलायच्या आणि शेवटचं अर्धं मिनिट रिसीव्हर बसाण्णांकडे यायचा. काकू गेल्या आणि अख्खा फोन त्यांच्या वाट्याला आला. "जेवलीस?" "जेवले." "थंडी हाय?" "आहे." मग दोघंही गप्प. त्यांचं दार उघडं असायचं, मला सगळं ऐकू यायचं. त्या गप्प बसण्यानं मलाच गलबलून यायचं.

अशात गिरिजानं पाल पाळली. आपली घरातली नव्हे. क्रेस्टेड गेको म्हणून तिकडे मिळते ती. हापूसच्या रंगाची, डोळ्यांवर पापण्यांसारखी काटेरी झालर असलेली. नाव ठेवलं मँगो. गिरिजा या कामात नवशिकी होती, त्यामुळे सांगायला तिच्याकडे दर रविवारी नवी काळजी. आज खाल्लं नाही, काल कात बोटाला अडकली, तिचं काचेचं घर उभं पाहिजे की आडवं. बसाण्णांना घर बांधून देण्यातलं सगळं कळायचं. "उभंच कर. चढणारं जनावर हाय," ते फोनवर ठासून सांगायचे. मँगो फळांची पावडर पाण्यात कालवून खाते हे कळलं, त्या दिवशी तर ते फोन ठेवून ओरडतच माझ्या दारात आले, "बाई, फळं खाती ओ! आमच्यातली हाय!"

फोन अर्ध्या तासावर गेला. मँगोचा फोटो सोनेरी फ्रेममध्ये बसून दुकानात नवरा-नवरींच्या शेजारी लागला.

मग एक दिवस दुकानात काच सरकवताना त्यांच्या हातून एका पालीची शेपटी तुटली. झालं! पेढ्यांच्या खोक्याला भोकं पाडून पाल घरी आली. "माझ्या हातनं झालंय. रीतसर बरी करतो, मग सोडतो." सोडली कसली! नाव ठेवलं चिन्नव्वा. उरलेल्या काचांची उभी पेटी झाली, वर जाळी, आत पेरूची फांदी आणि अर्धी करवंटी. कडांना उरलेली सोनेरी पट्टी. संध्याकाळी न्हाव्याकडं असतो तसल्या फवाऱ्यानं आत पाणी. पेटी इतकी देखणी झाली की गडहिंग्लजहून आलेल्या एका पावण्यानं देवाची समजून तिला हात जोडले. आतला देव करवंटीतून बाहेर आला, तेव्हा पावणं चप्पल न घालता खाली पोचलं होतं.

चिन्नव्वा मात्र शिकरणाला तोंड लावीना. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी रविवार होता. गिरिजा म्हणाली, "अप्पा, ती साधी पाल आहे. तिला किडेच लागतात."

"आमच्या घरात?" बसाण्णांचा आवाज बसला.

दोन दिवस ते दुकानातही कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला, आणि त्या माणसाला मी मनातल्या मनात सलाम केला. संध्याकाळी सातला पेटी गॅलरीत ट्यूबलाइटखाली नेऊन ठेवायची, तिचं दार उघडायचं आणि आपण पाठ फिरवून पेपर वाचत बसायचं. "बाहेर काय खाईल ते खाऊ दे. मी बघितलं न्हाय." कोल्हापुरातल्या कितीतरी शाकाहारी घरांत वयात आलेल्या मुलांसाठी हाच कायदा असतो. त्यांनी तो पालीला लावला, इतकंच. चिन्नव्वा दिव्यावर येणारी किडे-पाखरं खाऊन सकाळी करवंटीत झोपलेली सापडायची. तिला बोथट का होईना, नवी शेपटी फुटली. तिकडे मधेच मँगोचीही शेपटी गळली होती, पण ती काही परत येणार नव्हती, त्यांच्यात येतच नाही म्हणे. बसाण्णांनी मुलीचं सांत्वन केलं, पण छाती फुगली होतीच.

पावसाळा सरता सरता एका गुरुवारी सकाळी करवंटी रिकामी होती. शुक्रवारीही. बसाण्णांनी घरातली एकूणएक फ्रेम उतरवून मागे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती तिरकी टांगली.

"अण्णा, दुसरी धरून आणा एखादी," मी म्हटलं. "कॅनडातून काय कळणार आहे?"

कॉपी करणाऱ्या पोराकडे मी बघते तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लेकीशी खोटं बोलू व्हय?" मग म्हणाले, "आनि चिन्नव्वा न्हाय म्हटल्यावर रविवारी काय बोलू ओ तिच्याशी? दुसरं काय येतंय मला?"

मी उठून समोरची एक फ्रेम सरळ केली.

शनिवारी संध्याकाळी मी भाकरी थापत होते. कॅलेंडरमागून काहीतरी सरकलं. बोथट शेपटी! मी अशी किंचाळले की बसाण्णा अनवाणी धावत आले. मी खुर्चीवर, तवा गॅसवर, चिन्नव्वा ट्यूबलाइटशेजारी. तिनं झडप घालून एक पाखरू गिळलं. बसाण्णांनी या वेळी पाठ फिरवली नाही. डोळे भरून बघत राहिले.

"खाती की ओ," ते हळूच म्हणाले.

"न्या हो तिला आधी!"

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको. पोट भरतंय तिथं ऱ्हाऊ दे. आपल्याला करमत न्हाय म्हणून वडून न्यायचं, हे काय रीतसर न्हाय." दारापर्यंत गेले आणि वळले. "एवढंच करा बाई. दर रविवारी येऊन सांगत जावा. खाल्लं का, बरी हाय का. बास."

माझं स्वयंपाकघर आणि त्यात रोज पाल! पण खुर्चीवरूनच मी "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात गेले तेव्हा फोन कानालाच होता. "अण्णा, तीन पाखरं खाल्ली. आता झोपलीय."

"गिरे, चिन्नव्वा शेजारी नांदाय गेली," ते फोनवर सांगू लागले. "व्हय, बरी हाय. खाती म्हणं... कोण, मी? जेवलो की." मग बराच वेळ नुसतेच ऐकत राहिले. टॉवेलनं डोळे पुसले. "करमतंय गं. न करमायला काय झालं? तू सांग, मँगो काय म्हणती?"

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट संध्याकाळी सातला लागते आणि मी तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत पाठ फिरवून बसते. शनिवारी मात्र जीव मुठीत धरून दारातून बघते. रविवारी सांगायचं असतं.