शंभर टक्के प्रेक्षक

"परगावच्या सामन्याला आपलं एक तरी माणूस हवं, एनिड. पोरांना कुणाच्या तरी टाळ्या ऐकू यायला हव्यात."

जग सोडून जाण्यापूर्वी तिचा नवरा वॉल्टर एवढंच म्हणाला होता, आणि एनिडने मान डोलावली होती. तेव्हापासून थॉर्नबेक टाउनचा संघ जिथे जाई तिथे ती चहाचा थर्मास घेऊन हजर असे.

हा फुटबॉल क्लब इतक्या खालच्या पायरीवर खेळे की त्याखाली फक्त शाळेचं पटांगण उरत होतं. हिवाळाभर पावसाने मैदानांची तळी केली, आणि राहिलेले सगळे सामने एप्रिलमध्ये तुंबले, तेही परगावचे. खेळाडू दिवसा टपाल वाटत, नळ दुरुस्त करत आणि संध्याकाळी बसमध्येच बूट चढवत.

स्टेनरिगच्या सामन्यात पंचाने थॉर्नबेकचा धडधडीत गोल नाकारला. एनिड हळूच म्हणाली, "चष्मा घरी विसरलास का रे बाळा?"

पंचाने अहवाल दिला: पाहुण्या प्रेक्षकांनी पंचांच्या दृष्टीविषयी अनुदार उद्गार काढले. लीगच्या शिस्तपालन समितीने चौकशी मांडली. पाहुणे प्रेक्षक एकूण एक, बेशिस्त प्रेक्षक एक.

"शंभर टक्के!" समितीचे चिटणीस मिस्टर क्लेग किंचाळले. "मोठ्या क्लबांचे लोक बाटल्या फेकतात, पण हे प्रमाण तिथेही नाही!"

"अहो, पण मी एकटीच होते."

"तेच तर गंभीर आहे, बाई. तुम्हाला आवरायला शेजारी एकही सभ्य माणूस नव्हता."

पुढच्या सामन्याला एनिडसाठी वेगळं फाटक, जाळीचं कुंपण आणि दोन रखवालदार नेमले गेले. सामना संपल्यावर दोन्हीकडचे जमाव भिडू नयेत म्हणून तिला मैदान रिकामं होईपर्यंत अडवून ठेवलं. तोवर बस निघून गेली. एनिड दुसऱ्या दिवशी घरी पोचली. 'पाहुणा जमाव रात्रभर शहरात रेंगाळला,' अशी नोंद झाली, आणि थॉर्नबेकच्या प्रेक्षकांवर बंदी आली.

उरला होता शेवटचा सामना. तोही परत स्टेनरिगला, कारण थॉर्नबेकचं स्वतःचं मैदान अजून तळंच होतं. बरोबरी साधली तर क्लब लीगमध्ये टिकणार, नाहीतर गाशा गुंडाळणार.

गाव पेटून उठलं. 'आम्ही सारे एनिड' अशी पत्रकं खिडक्याखिडक्यांत लागली. निवेदनावर सह्यांची झुंबड उडाली. पबच्या मालकाने बिअरच्या एका पिंपाला तिचं नाव दिलं.

"मग शनिवारी येता का?" एनिडने विचारलं. "बसभर माणसं दारात उभी राहिली, तर कुणाकुणाला अडवतील?"

"आले असते गं," शेजारीण ग्लॅडिस म्हणाली, "पण टीव्हीवर मोठ्या लीगचा सामना आहे ना! मनाने तुझ्याबरोबरच आहे हो मी."

शनिवारी सकाळी एनिडने बंदीचा हुकूम पुन्हा वाचला. प्रेक्षक म्हणजे सामना पाहणारी व्यक्ती, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. स्टेनरिगच्या मैदानामागची विटांची भिंत पुरुषभर उंच होती. तिच्यापलीकडून काही दिसण्याची सोय नव्हती.

वॉल्टर दिसण्याबद्दल काही बोललाच नव्हता.

तिने थर्मास भरला. लोकरीचे हातमोजे घरीच ठेवले. त्यांनी टाळी दबते. रस्त्याने प्रत्येक खिडकीत 'आम्ही सारे एनिड' होतं आणि आत टीव्हीचा निळा उजेड. तुमचीही खिडकी लागली वाटेत. पत्रक छान चिकटवलंय. पडदा ओढलेला होता म्हणून तिने हाक मारली नाही. थांब्याकडे चालू लागली.